चाचणी झाली, निकाल कुठे आहे?

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या निदानविषयक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला एक आकडा सगळीकडे छापून आला: जगातल्या ४७ टक्के लोकांना रोगनिदानाच्या सोयी जवळपास मिळतच नाहीत. एवढा मोठा आकडा लोकांच्या लक्षात राहणे साहजिकच होते. मला मात्र त्याच अहवालातला दुसरा, फारसा न गाजलेला आकडा अधिक बोलका वाटला. कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर अगदी साध्या चाचण्यांची सोय जेमतेम १९ टक्के लोकांना आहे, असे आयोगाने म्हटले होते. आणि हे सांगताना एचआयव्ही व मलेरिया या दोन रोगांच्या चाचण्या हिशेबातून वगळल्या होत्या.

या दोन रोगांसाठी गेल्या वीस-बावीस वर्षांत आंतरराष्ट्रीय निधीतून प्रचंड पैसा आला, त्यातून किट आले, प्रशिक्षण आले, नोंदवह्या आल्या, पुरवठ्याच्या साखळ्या उभ्या राहिल्या. त्याचा परिणाम असा, की आफ्रिकेतल्या एखाद्या ग्रामीण आरोग्य केंद्रात जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या विषाणूपैकी एकाचे निदान वीस मिनिटांत होऊ शकते, पण त्याच टेबलाशी बसलेल्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन किती आहे हे सांगता येत नाही, तिच्या लघवीतले प्रथिन तपासायची पट्टी संपलेली असते आणि ग्लुकोमीटर असला तरी त्याच्या स्ट्रिप नसतात. यातली कोणतीही चाचणी एचआयव्हीच्या चाचणीपेक्षा अवघड नाही आणि फारशी महागही नाही. फरक इतकाच, की एका रोगाला स्वतःचे अंदाजपत्रक आहे आणि दुसऱ्याला नाही. गरीब देशांतल्या निदानाच्या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा 'तंत्रज्ञान पोहोचत नाही' या वाक्यापासून सुरू होते. माझ्या मते ती 'पैसा कोणत्या रोगाच्या नावाने येतो' येथून सुरू व्हायला हवी.

मलेरियाचेच उदाहरण पाहू, कारण जलद चाचणीने काय साधले आणि काय साधले नाही, हे तेथे लख्ख दिसते. २०१० पूर्वी आफ्रिकेतल्या बहुतेक भागांत ताप आलेल्या मुलाला मलेरियाच असणार असे धरून औषध दिले जाई. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली आणि संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाची आधी तपासणी करावी असे सांगितले. हे शक्य झाले ते जलद चाचणीमुळे: बोटातून रक्ताचा एक थेंब पट्टीवरच्या खाचेत, शेजारी द्रावणाचे काही थेंब, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे आणि एक रेघ उमटली की दोन, ते पाहायचे. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर गावपातळीवरची आरोग्य सेविकाही ही चाचणी बिनचूक करू शकते. मलेरियाची औषधे विनाकारण देणे त्यामुळे खरोखर कमी झाले.

पण एकच रेघ उमटली, म्हणजे मलेरिया नाही असे निघाले, तर पुढे काय करायचे? समोर तापाने फणफणलेले मूल आहे, मैलोन्‌मैल चालून आलेली आई आहे आणि सेविकेच्या हाती दुसरी कोणतीही चाचणी नाही. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक ठिकाणच्या अभ्यासांत जे आढळले ते अपेक्षितच होते: जेथे मलेरियाच्या जलद चाचण्या आल्या तेथे मलेरियाची औषधे कमी झाली आणि प्रतिजैविके वाढली. 'हा रोग नाही' एवढेच सांगणारी चाचणी अंदाजाने उपचार करण्याची पद्धत थांबवत नाही, अंदाजाचा रोख फक्त दुसऱ्या औषधाकडे वळवते. सेविकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या जागी कोणीही असते तरी त्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवले नसते.

औषधांच्या मानाने चाचण्यांकडे किती उशिरा लक्ष गेले, याचा पुरावा दोन तारखांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली. अत्यावश्यक निदान चाचण्यांची पहिली यादी निघायला २०१८ चा मे महिना उजाडावा लागला. एकेचाळीस वर्षे आपण कोणती औषधे असायलाच हवीत हे सांगत राहिलो आणि ती कोणाला द्यायची हे कशावरून ठरवायचे, याबद्दल गप्प राहिलो. २०१८ च्या त्या यादीत ११३ चाचण्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अगदी नेहमीच्या होत्या: हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, लघवीची पट्टी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या. पुढच्याच वर्षी भारताने स्वतःची राष्ट्रीय यादी तयार केली. तिच्यात गावपातळीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कोणत्या पायरीवर कोणती चाचणी असावी हे लिहिलेले आहे, आणि यादी करण्याची हीच रीत मला सर्वांत उपयोगी वाटते. 'देशात उपलब्ध' या शब्दांना काहीच अर्थ नसतो. राजधानीतल्या एका प्रयोगशाळेत होणारी चाचणीही देशात उपलब्धच असते.

लॅन्सेट आयोगाने आणखी एक हिशेब मांडला होता. मधुमेह, उच्च रक्तदाब, एचआयव्ही, क्षयरोग आणि गरोदरपणातले हिपॅटायटिस बी व सिफिलिस, या सहा बाबतींत निदानच न झालेल्यांचे प्रमाण ३५ ते ६२ टक्के आहे. ते १० टक्क्यांवर आणता आले तर कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले वर्षाला सुमारे ११ लाख अकाली मृत्यू टळतील. या सहांपैकी उच्च रक्तदाबाला तर रक्ताचा थेंबही लागत नाही, दंडाला पट्टा बांधून मोजायचे असते. तरीही अर्धे लोक सुटतात. तंत्रज्ञानाच्या अभावाची सबब येथे टिकत नाही.

क्षयरोगाचा विषय जरा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण नवे यंत्र आणण्याचा सर्वांत मोठा प्रयोग त्याच रोगात झाला. माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, त्यामुळे जुनी पद्धत काय असते हे मी स्वतः केलेले आहे. काचपट्टीवर बेडका पातळ पसरायचा, आचेवर स्थिर करायचा, त्यावर लालभडक कार्बोल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत खालून गरम करायचे, मग आम्लाने धुऊन निळा रंग द्यायचा. त्यानंतर तेलाचा थेंब टाकून शंभरपट भिंगाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल, किंचित वाकडी काडी शोधत राहायचे. शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज 'नाही' असे लिहायचे नाही, हा नियम. पहिल्या वीस क्षेत्रांपर्यंत डोळा सावध असतो. साठाव्या क्षेत्राला तो काय पाहतो याची खात्री डोळ्याच्या मालकालाही नसते. आणि नियम तंतोतंत पाळला तरी एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते दिसण्याची फारशी आशा नसते. लहान मुलांच्या आणि एचआयव्हीबाधितांच्या बेडक्यात ते बहुधा तितके नसतातच. म्हणजे ज्यांना निदानाची सर्वांत घाई, त्यांच्यातच ही पद्धत सर्वांत जास्त चुकते. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू दाखवला, त्यानंतर शतकाहून अधिक काळ गरीब देशांचा मुख्य आधार मुळात सूक्ष्मदर्शकच राहिला.

जंतूची जनुकीय खूण शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट या यंत्रावरच्या चाचणीला डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बेडक्यात त्याच्या दुप्पट द्रावण मिसळून जोराने हलवायचे, पंधरा मिनिटे ठेवायचे, मधे पुन्हा एकदा हलवायचे, मग पिपेटने दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात बसवायच्या डबीत, सोडून झाकण लावायचे. एवढेच माणसाचे काम. पुढचे सगळे कार्ट्रिजच्या पोटात होते आणि दोन तासांच्या आत क्षयरोग आहे की नाही, शिवाय रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, हेही कळते. शंभर क्षेत्रे पाहून डोळे शिणवलेल्या माणसाला हा चमत्कार वाटावा, यात नवल नाही.

मग किमतीचा प्रश्न आला. २०१२ मध्ये दात्या संस्थांनी एकत्र येऊन उत्पादक कंपनीशी करार केला आणि कार्ट्रिजचा भाव १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आणला. १४५ देशांना हा भाव लागू झाला. त्यानंतर तो दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच थांबला, जरी दरम्यान खरेदी कित्येक पटींनी वाढली होती. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि इतर संघटनांचे म्हणणे होते की उत्पादनखर्च पाच डॉलरहून कमी आहे आणि विक्रीची किंमतही पाचच्या आसपास असावी. बराच दबाव आल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये क्षयरोगाच्या मूळ चाचणीचा भाव ७.९७ डॉलर झाला. चाचणी एकाच कंपनीच्या हाती असली की असे होते. औषधाच्या गोळीची दुसरी कंपनी नक्कल करू शकते. कार्ट्रिज आणि यंत्र यांची जोडी ठरलेली असते, एकदा यंत्र घेतले की दुसऱ्याचे कार्ट्रिज त्यात चालत नाही. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या चाचणीला २०२० मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा कुठे या क्षेत्रात दुसरा पर्याय उभा राहू लागला. पेटंटच्या मुदतीबद्दल जेवढे लिहिले जाते त्याच्या दहावा भाग तरी या बंदिस्त जोड्यांबद्दल लिहिला जायला हवा.

तरीही समजा, किंमत उद्या पाच डॉलर झाली. मग प्रश्न सुटेल का? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दिले आहे आणि ते यंत्राच्या चाहत्यांना रुचणारे नव्हते. त्या देशाने २०११ पासून जीनएक्सपर्ट देशभर बसवायला घेतले. ते बसवतानाच काही प्रयोगशाळांत आधी आणि काहींत नंतर अशी विभागणी करून अभ्यास केला गेला. सहा महिन्यांनंतरच्या मृत्युप्रमाणात सूक्ष्मदर्शकाच्या गटात आणि नव्या यंत्राच्या गटात संख्याशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा फरक दिसला नाही. चार आफ्रिकी देशांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही रुग्णांच्या आजाराच्या तीव्रतेत फरक पडला नव्हता. यंत्र तर निःसंशय अधिक चांगले होते. अडचण त्याच्या मागेपुढे होती. अनेक डॉक्टर आधीच लक्षणांवरून उपचार सुरू करत होते, त्यामुळे चाचणीने नवे काही सांगितले असे थोड्याच रुग्णांच्या बाबतीत घडले. यंत्रे प्रयोगशाळांत होती आणि रुग्ण दवाखान्यांत. दोन तासांचा निकाल कागदावर येऊन रुग्णाच्या हाती पडेपर्यंत दिवस जात, आणि तोवर काही रुग्णांचा पत्ताच लागत नसे.

याच्या शेजारी युगांडातला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवून पाहावा. तेथे वीस आरोग्य केंद्रे घेतली. निम्म्या केंद्रांत यंत्र केंद्रातच बसवले, पण एवढ्यावर न थांबता रुग्ण आल्यापासून औषध मिळेपर्यंतच्या पायऱ्या नव्याने आखल्या, म्हणजे त्याच दिवशी निकाल आणि त्याच दिवशी उपचार व्हावेत अशी कामाची रचना केली. शिवाय प्रत्येक केंद्राला आपले काम कसे चालले आहे याचा लेखाजोखा नियमित पाठवला. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत नमुने बाहेर पाठवले जात होते. क्षयरोग निश्चित होऊन चौदा दिवसांत उपचार सुरू झालेले रुग्ण पहिल्या गटात ३४२ निघाले आणि दुसऱ्या गटात २२०. जनुकीय खूण शोधणाऱ्या चाचणीची सोय दोन्ही गटांना होती. फरक पडला तो नमुना, निकाल आणि औषध यांच्यातले अंतर मिटल्यामुळे.

अंतर म्हणजे काय, हे सर्वांत क्रूरपणे दिसते ते एचआयव्हीबाधित आईच्या बाळाच्या बाबतीत. मोठ्या माणसाची चाचणी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते, पण बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून ती चाचणी येथे कुचकामाची ठरते. विषाणूची जनुकीय खूणच शोधावी लागते आणि ते काम बराच काळ फक्त मोठ्या प्रयोगशाळांतच होत असे. त्यासाठी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड शोषक कागदाच्या कार्डावर छापलेल्या पाच वर्तुळांत घ्यायचे. वर्तुळ पूर्ण भरले पाहिजे, एकावर एक थेंब पडता कामा नये. कार्ड उन्हात न ठेवता काही तास सुकवायचे, मग ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पिशवीत घालायचे. कार्डाची कल्पना १९६० च्या दशकातली, रॉबर्ट गथ्री यांची, नवजात बालकांतल्या एका चयापचय-विकाराच्या तपासणीसाठी काढलेली. तिने नमुना वाटेत सतत थंड ठेवण्याची गरज संपवली, म्हणून अशा देशांत ती वरदान ठरली. पण ते पाकीट केंद्रातून जिल्ह्याला, तेथून राजधानीला, मग निकालाचा कागद त्याच वाटेने परत, असा फेरा कित्येक ठिकाणी आठवडेच काय, महिनेही घेत असे.

आता या बाळाकडे किती वेळ असतो ते पाहा. उपचार नसतील तर अशा बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापर्यंत आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसापर्यंत दगावतात. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या २००८ च्या अभ्यासाने दाखवले होते की उपचार लगेच सुरू केले तर बालमृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. म्हणजे औषध होते, चाचणी होती, पुरावा होता, आणि मूल पाकिटाच्या परतीची वाट पाहत होते. मोझांबिकमध्ये काही केंद्रांत जागेवरच तपासणी करणारी छोटी यंत्रे देऊन तुलना केली गेली, तेव्हा बाधित बालकांपैकी साठ दिवसांत उपचार सुरू झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के निघाले. नमुने दूर पाठवणाऱ्या केंद्रांत ते सुमारे १३ टक्के होते. निदानाच्या क्षेत्रात इतका स्पष्ट फरक मी तरी क्वचितच वाचला आहे.

यावरून 'सगळीच यंत्रे गावोगावी ठेवा' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि सध्याची हवाही तशीच आहे. मला तो पटत नाही. यंत्र ठेवले की त्याची देखभाल आली, आणि तिकडचा अनुभव चांगला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोळा देशांतल्या रुग्णालयांच्या १ लाख १२ हजारांहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतली ३८.३ टक्के बंद असल्याचे दिसले. कारणे तीच: शिकलेला माणूस नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज आणि पाण्याचा भरवसा नाही. देणगी देणाऱ्यांना यंत्र देताना छायाचित्र मिळते; सुट्या भागांच्या वार्षिक कराराचे छायाचित्र कोणी काढत नाही. जीनएक्सपर्टचे यंत्र चालायला खोलीचे तापमान ३० अंशांच्या आत हवे, कार्ट्रिज २८ अंशांच्या आत ठेवावी लागतात, वीज मधेच गेली तर चालू असलेली चाचणी वाया जाते, आणि चारपैकी एक कप्पा बिघडला की दुरुस्तीचा माणूस कोठून येणार हा प्रश्न उभा राहतो. उष्ण प्रदेशात पत्र्याच्या छपराखाली हे सांभाळायचे म्हणजे यंत्राबरोबर वातानुकूलन, बॅटरी आणि कुलूपबंद खोलीही आली. म्हणूनच अलीकडे काही देश यंत्र विकत न घेता प्रत्येक चाचणीमागे एकच सर्वसमावेशक दर ठरवतात. त्या दरात चाचणीची रसायने, देखभाल, प्रशिक्षण सगळे येते, आणि यंत्र बंद पडले तर नुकसान कंपनीचे होते. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते, अर्थात करार वाचून समजून घेणारा माणूस मंत्रालयात असला तर.

शिवाय पुष्कळ चाचण्या मोठ्या प्रयोगशाळेतच व्हायला हव्यात. जंतूंचे संवर्धन, कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्याची तपासणी, विषाणूभाराच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाच्या, शेकडो नमुन्यांची एकत्र मोजणी, ही कामे विखुरली तर महाग होतात आणि त्यांचा दर्जाही घसरतो. त्यांच्यासाठी नमुन्याने प्रवास करणे हाच मार्ग आहे, पण तो प्रवास नियोजित हवा. युगांडाने २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला नमुना-वाहतुकीची राष्ट्रीय व्यवस्था उभारली: आसपासची पंचवीस-तीस केंद्रे एका ठाण्याला जोडायची, ठाण्यावर मोटरसायकलस्वार, त्याचा आठवड्याचा ठरलेला फेरा, ठाण्यापासून मध्यवर्ती प्रयोगशाळेपर्यंत टपालसेवा. आधी प्रत्येक कार्यक्रमाची वाहतूक वेगळी होती. ती एकत्र केल्यावर बालकांच्या एचआयव्ही चाचणीच्या वाहतुकीचा खर्च निम्म्याहून अधिक घटला आणि निकालाचा कालावधीही जवळपास निम्म्यावर आला. मोटरसायकल, हेल्मेट, शीतपेटी आणि नोंदवही या गोष्टींत कोणालाही नावीन्य दिसणार नाही, तरी गेल्या दोन दशकांतल्या निदानाच्या मोठ्या सुधारणांत मी हिची गणना करतो.

इजिप्तचे उदाहरण वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. हिपॅटायटिस सी चे जगातले सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या देशांपैकी तो एक होता, आणि त्याला विसाव्या शतकात दूषित सुयांनी केलेली बिल्हार्झियाविरोधी इंजेक्शनांची सरकारी मोहीमच मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. तेथे ऑक्टोबर २०१८ पासून सात महिन्यांत सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांची तपासणी करण्यात आली. हे जमले, कारण बोटातल्या थेंबावर होणारी स्वस्त चाचणी होती, पण त्याहून अधिक म्हणजे तिच्या दुसऱ्या टोकाला देशातच बनणारे स्वस्त औषध सरकारी खर्चाने तयार होते आणि प्रत्येकाची नोंद एका राष्ट्रीय यादीत होत होती. चाचणीत बाधित आढळलेल्या माणसाला पुढे कोठे जायचे हे आधीच ठरलेले होते. औषधाची सोय नसताना तपासणीची मोहीम काढणे म्हणजे लोकांत भीती पसरवणे आहे, दुसरे काही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सी च्या निर्मूलनाकडील वाटचालीतला 'सुवर्ण' दर्जा इजिप्तला दिला. तो मिळवणारा हा पहिला देश.

रोगागणिक वेगळ्या पैशाच्या भिंतीला खिंडार पाडणारी एक साधी पट्टी आहे, तिचा उल्लेख करायला हवा. गरोदरपणात सिफिलिसचे निदान झाले आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन वेळेत दिले, तर त्या रोगामुळे मृत बालक जन्मणे बहुतांशी टळते. तरीही अनेक देशांत एचआयव्हीसाठी तपासल्या जाणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या मानाने सिफिलिससाठी तपासल्या जाणाऱ्या स्त्रिया फारच कमी होत्या. स्त्री तीच, भेट तीच, बोट तेच, आणि तरीही. कारण एका चाचणीला दाता होता आणि दुसरीला नव्हता. एकाच थेंबावर दोन्ही रोग दाखवणारी एकत्रित पट्टी आली आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिपूर्व तपासणीत ती पहिली चाचणी म्हणून वापरण्याची शिफारस केली. २०२१ मध्ये एका करारामुळे तिची किंमत एक डॉलरच्या खाली आली. सिफिलिसची तपासणी जणू एचआयव्हीच्या पुरवठा साखळीत बसून केंद्रांपर्यंत गेली. येथेही पुढची कडी आहेच: २०१४ ते २०१६ या काळात बेंझाथीन पेनिसिलिनचा तुटवडा कित्येक देशांत होता.

या सगळ्याच्या मुळाशी परदेशी पैशावरचे अवलंबन आहे आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवल्यावर ते उघडे पडले. नमुन्यांची वाहतूक, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचे पगार, किटचा पुरवठा, जे जे त्या निधीवर उभे होते ते ते अनेक देशांत एकदम डळमळले. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने निदान-क्षमता वाढवण्याचा ठराव केला होता आणि त्यात देशांनी आपापल्या राष्ट्रीय यादीचा विचार करावा असे म्हटले होते. यादी करायला पैसे लागत नाहीत, म्हणून बरेच देश ती करतील. त्या यादीतल्या चाचण्यांसाठी अंदाजपत्रकात कोणत्याही रोगाचे नाव नसलेला एक सलग निधी ठेवला जाईल का, हा खरा प्रश्न आहे. हिमोग्लोबिन कोणत्याच दात्याचे नसते. ते देशाच्या स्वतःच्या तिजोरीतूनच यावे लागेल.

आणि एक गोष्ट मोजली जावी, असे मला आग्रहाने वाटते. बहुतेक अहवालांत किती किट खरेदी झाले, किती यंत्रे बसवली आणि किती चाचण्या केल्या, एवढेच असते. नमुना घेतल्यापासून निकाल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले आणि किती निकाल कधी पोहोचलेच नाहीत, हे क्वचितच छापले जाते. हे अशक्य आहे असेही नाही. केनिया आणि युगांडा या देशांनी बालकांची एचआयव्ही तपासणी आणि विषाणूभार यांची आकडेवारी सर्वांना पाहता येईल अशा संकेतस्थळांवर ठेवली. नमुना केंद्रातून निघून प्रयोगशाळेत यायला किती दिवस लागले, तपासणीत किती गेले आणि निकाल पाठवायला किती, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसते. ज्या देशांनी एका रोगासाठी ही व्यवस्था उभी केली आहे, त्यांना तिच्यात बेडका, रक्तातली साखर आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नमुने घालण्यासाठी नवे यंत्र लागणार नाही. लागतील त्या नोंदी ठेवणारी माणसे आणि त्यांचा पगार.